वायरमनच्या घरचं जनरेटर

लाईट गेली की सेनगावात लोक आधी दारात येऊन बघायचे, आपल्या एकट्याची गेली की सगळ्यांची. सगळ्यांची गेलीय असं दिसलं की त्यांना जरा बरं वाटायचं. मग ते आमच्या घराकडे निघायचे. आमचे हे लाईटच्या ऑफिसात वायरमन, त्यामुळे आमचं दार म्हणजे गावाची तक्रारीची खिडकी. यांचा घास तोंडात असो की अंगाला साबण असो, दारात कोणीतरी उभं असायचंच. "हायेत का साहेब?" असं विचारणारा भला माणूस म्हणायचा. बाकीचे थेट सुरू व्हायचे, "काहून गेली हो लाईट? झोपा काढून राहिले का तुमी लोक?" जसं काही यांनी लाईट घडी करून उशाखाली ठेवलीय.

यांना राग यायचा नाही. आम्हा दोघांच्या वाटणीचा सगळा माझ्याकडेच आला होता. मी अंगणवाडीची सेविका, दिवसभर लेकरांवर ओरडून गळा तापलेलाच असायचा. मी दारात जाऊन सांगायचे, "आमच्या घरी काय झुंबर लागलंय का? या, आत येऊन बगा. अन् तुमाला लाईट देणारा माणूस सकाळपासून उपाशी पोलवर हाय, ते बी बगा." माणूस मुकाट निघून जायचा आणि संध्याकाळी यांना गाठून सांगायचा, तुमच्या मंडळी लई कडक हायत. हे घरी येऊन हसायचे.

त्या ओरडण्यामागे भीती होती, दुसरं काही नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मला एकच धास्ती: हे पोलवर असताना तारेत करंट येईल. पहिल्या वर्षी तर यांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज येईपर्यंत मला घास गिळवत नसे. शेवटी एकदा यांनी मला सोबत नेऊन आपलं काम दाखवलं. डीपीवर जायचं, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर असतो तिथं. तिथले फ्यूज काढायचे आणि आपल्या कापडी पिशवीत टाकायचे. पिशवी खांद्याला अडकवायची आणि मगच पोलवर चढायचं. "आता बग," हे म्हणाले, "फ्यूज माझ्यापाशी. मी खाली उतरल्याबिगर लाईट येतीय कुठून?" मला ते पटलं. त्या पिशवीच्या भरवशावर मी दहा-बारा वर्षं सुखाने भाकऱ्या थापल्या.

मग जनरेटर आले. दोन हजार सालानंतर लोडशेडिंग वाढत वाढत अर्ध्या दिवसावर गेलं, त्या काळातली गोष्ट. आधी झेरॉक्सवाल्याने आणलं, मग मेडिकलवाल्याने, मग ज्याला त्याला हवं झालं. सुटकेसएवढं यंत्र, उचलायला वर दांडा, दोरी ओढली की भडभडभड सुरू. लोकांना त्याचं काय कौतुक. एक दिवस हे जेवता जेवता सहज बोलून गेले, "आता फ्यूज पिशवीत असून बी पूरा भरोसा न्हाई. कोणी घरच्या बोर्डात जनरेटरची पिन खुपसली अन् मेन स्विच खाली केला न्हाई, तर करंट घरात थांबत न्हाई. मीटरमधून उलटा निघतो अन् पोलवर येतो."

मी भाकरी तव्यावरच विसरले. "मंग तुमी काय करता?"

"काय करायचं? लोकाला सांगायचं."

हे कुठले सांगतायत. त्यांचा स्वभाव म्हणजे रस्त्यात बैल आडवा आला तरी 'जरा सरकता का' म्हणतील. ते काम मी अंगावर घेतलं. कुठल्याही घरातून भडभड ऐकू आली की मी त्या दारात उभी. "मेन खाली केला का?" ओळख असो नसो, आत जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हलत नसे. पोलिओच्या दिवशी बायका लेकरं घेऊन यायच्या, त्यांना डोसाबरोबर हेही ऐकवायचे: आधी मेन खाली, मग जनरेटर. एका मोठ्या दुकानदाराने मला विचारलं, "बाई, तुमी अंगणवाडीच्या की लाईटच्या?" मी म्हटलं, "वायरमनच्या." माझ्या पाठीमागे लोक मला मेनवाली बाई म्हणत. म्हणोत बापडे. माझा माणूस रोज संध्याकाळी घरी येत होता, मला तेवढं पुरे होतं.

आमच्या घरी मात्र जनरेटर नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती, कारण आमच्याकडे खाला होती. खाला म्हणजे शेजारची बांगडीवाली. तिचा नवरा सायकलवर बांगड्यांची पेटी बांधून आठवडी बाजार करायचा आणि ती घरी बसून गल्लीतल्या बायकांच्या हातात बांगड्या भरायची. आमची दोघींची भिंत एक, पण लाईटची फेज वेगळी. फेज म्हणजे पोलवरच्या वेगवेगळ्या तारा. आमचं घर एका तारेवर, तिचं दुसरीवर. पुष्कळदा एकाच तारेची लाईट जायची. म्हणून आम्ही भिंतीवरून एक वायर टाकून ठेवली होती, दोन्ही टोकांना पिन. आमची लाईट गेली आणि तिची असली, की आम्ही आमचा मेन खाली करायचो आणि वायरची पिन स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावायचो; तिच्या लाईटीवर आमचं घर चालायचं. तिची गेली की ती तसंच करायची. त्या काळी गावात निम्म्या भिंतींवरून अशा वायरी गेलेल्या होत्या. साखर मागावी तशी लाईट मागायची. यांना हे फारसं पसंत नव्हतं, पण मेन खाली असतो म्हणून काही बोलत नसत.

एका उन्हाळ्यात माझी सासू विहाराच्या पायरीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. हिंगोलीच्या डॉक्टरने कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घातलं आणि दोन महिने हलायचं नाही म्हणून सांगितलं. एप्रिल-मे महिना, वर पत्रे, आणि अंगावर ते दगडासारखं प्लास्टर. आत घामाने खाज सुटायची. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आत्या स्वेटर विणायची सुई प्लास्टरमध्ये घालून खाजवत बसायची आणि सगळ्या गावाचा उद्धार करायची. पंखा चालू असेल तोवर ती माणसात असायची. पंखा थांबला की पाच मिनिटांत तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ती रडणारी बाई नव्हती. मला ते बघवत नसे. आणि आता लोडशेडिंग असं की खालाचीही जायची, आमचीही जायची, वायर लावून कोणाकडून घेणार?

माझा भाऊ हिंगोलीत मंडप-डेकोरेशनचं काम करतो. त्याच्याकडे मोठं जनरेटर आलं होतं, जुनं लहान अडगळीत पडलेलं. त्याने ते जीपच्या टपावर टाकून आणून दिलं, सोबत मंडपातली एक वायरही दिली, तीही दोन्हीकडून पिनेची. म्हणाला, "ताई, बोर्डात लाव, पूरं घर चालतंय." हे तिथंच होते. यांनी ती वायर उचलली आणि कपाटावर टाकली.

"बोर्डात न्हाई लावायचं," हे मला म्हणाले. "मी चेंजओव्हर बसवतो, मंग लाव." चेंजओव्हर म्हणजे एक मोठा खटका, तो लाईनकडे केला की जनरेटर तुटतं, जनरेटरकडे केला की लाईन तुटते, दोन्ही एकदम चालूच होत नाहीत. "तवर खिडकीतून साधी वायर घे अन् आईच्या टेबलफॅनला थेट लाव."

"कधी बसवता?"

"दोन दिवसांत."

गावभर लोकांचे खटके बसवत फिरणाऱ्या माणसाचे घरचे दोन दिवस किती लांबतात, ते वायरमनच्या बायकोला विचारा.

तरी त्या यंत्राने आम्हाला फार सुख दिलं, खोटं कशाला बोलू. मागच्या अंगणात, खिडकीपासून लांब, पत्र्याच्या आडोशाला ते ठेवलं होतं, कारण धूर आत आला की आत्याला खोकला यायचा. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. पहिले चार दिवस माझा निखळलाच. मग हात बसला. पाय यंत्राला टेकवायचा, दोरी हळू ओढून अडेपर्यंत आणायची आणि मग एक झटका. तिसऱ्या झटक्यात हमखास सुरू. वर्तमानपत्रातलं लोडशेडिंगचं कोष्टक कापून मी कणगीवर चिकटवलं. लाईट जायच्या आधी चटणी वाटून, टाकी भरून, रॉकेल मोजून मी तयार असायचे. लाईट गेली की भडभडभड, टेबलफॅन फिरायचा आणि आत्या डोळे मिटून म्हणायची, "जीव आला बाई. माझ्या लेकाने जलमभर गावाला लाईट दिली, अन् मला हवा देऊन राहिली सून." त्या वेळी मला इतकं हलकं वाटायचं की मी उगाच दोन भाकरी जास्त करायचे.

आता त्या दिवसाचं सांगते. लेकरं सुट्टीत मामाकडे हिंगोलीला गेली होती. आदल्या रात्री वारं झालं होतं, म्हणून हे पहाटेच शेजारगावी साखऱ्याला तारा जोडायला निघून गेले. जाताना म्हणाले, संध्याकाळ होईल. सकाळी आठच्या सुमाराला आमची फेज गेली. खालाची होती. मी नेहमीसारखा मेन खाली केला, स्वयंपाकघरात खालाच्या वायरीची पिन लावली आणि आमचं घर सुरू झालं. टेबलफॅन दोन दिवसांपूर्वी जळाला होता, त्यामुळे आत्याच्या डोक्यावर छताचाच पंखा काय तो फिरत होता.

दुपारी पुन्हा वारं सुटलं. वाळकं वारं, नुसती धूळ आणि पालापाचोळा. गिरणीजवळ काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि लाईट गेली. आमची, खालाची, सगळ्यांची. वारं पडलं तसा उकाडा अंगावर आला. आत्याने अर्धा तास दम धरला. मग ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसायला लागली आणि म्हणाली, "पोरी, हे प्लास्टर फोडून टाक. पाय वाकडा राहिला तर राहू दे."

टेबलफॅन जळालेला. थेट वायर लावायची कोणत्या पंख्याला? माझी नजर कपाटावरच्या वायरीकडे गेली. बोर्डात लावायचं नाही असं हे म्हणाले होते, पण ते कशासाठी? मेन खाली करायचा राहून जाईल म्हणून. आणि मेनच्या बाबतीत मला कोण शिकवणार? सगळ्या सेनगावाला मी शिकवत होते.

मी वायर घेतली आणि आधी मेन स्विचकडे गेले. बघते तर मेन खालीच होता. मला वाटलं, वा, काम झालेलंच आहे. तो खाली का आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सकाळी मीच खाली केला होता, खालाची वायर लावताना, आणि ती वायर अजून स्वयंपाकघराच्या बोर्डात होती. मी त्या बोर्डाजवळून दोनदा गेले. रोज दिसणारी वस्तू दिसत नाही, तसं झालं. मेन खाली बघून माझं समाधान झालं, मी भावाची वायर बोर्डात लावली, मागे गेले आणि दोरी ओढली.

पंखा फिरला. जरा सावकाश फिरत होता, आणि जनरेटरही नेहमीसारखं बोलत नव्हतं, ओझं उचलल्यासारखं कण्हत होतं. मी म्हटलं रॉकेलमध्ये पाणी असेल, रेशनचं रॉकेल. आत्याने पदराने डोळे पुसले. मी तिच्या पायाशी टेकले आणि हुश्श केलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खालाचा आवाज आला, खुशीतला. "अगे बाई, लाईट आ गई देखो. बल्ब लाल-लाल जल रा. भाई अब्बीच पोल पे चढे और आ बी गई."

मी विचारलं, "कौन भाई?"

"तुमारे वो. गिरणी के पास. घर नै आए क्या?"

हे साखऱ्याला नव्हते. तिकडचं काम आटोपून हे थेट गिरणीजवळच्या तुटलेल्या तारेवर आले होते, आमच्याच गल्लीच्या तोंडाला. आणि हे पोलवर असताना खालाचा बल्ब लागला होता. फ्यूज यांच्या पिशवीत असताना.

मला सगळं एकदम दिसलं. खाली असलेला मेन, स्वयंपाकघरातली पिन, भिंतीवरून गेलेली वायर, खालाचा मीटर, पोल. माझ्या घरातला करंट माझ्या मेनवरून गेलाच नाही, तो खालाच्या घरातून फिरून तारेवर गेला होता. मी उठले. आत्या म्हणाली, काय झालं. मी मागच्या दाराकडे धावले. जनरेटर आणि माझ्यामध्ये चार पावलं उरली असतील. मी हात पुढे केला, आणि त्याच्या आधीच ते एकदा जोरात गुरगुरलं, आचका दिला आणि बंद पडलं.

मी बंद केलं नव्हतं. तार कशाला तरी लागली म्हणून ते बंद पडलं, एवढं मला वायरमनच्या घरात राहून कळत होतं. कशाला लागली, हे मी मनात पूर्ण होऊच दिलं नाही. तरी हाताने स्विच बंद केला, बोर्डातली वायर उपटली आणि पळत सुटले. पायात चप्पल नव्हती. आमच्या घरापासून गिरणीपर्यंत आठ-दहा घरं. तेवढ्या अंतरात मी कोणाला काय काय बोलले असेन. नवस आमच्यात करत नाहीत, पण त्या दिवशी मी कोणाकडे तरी काहीतरी मागत होते. पोलखाली माणसं गोळा झालेली लांबून दिसली. माणसं गोळा होतात ती कशासाठी, हे मला माहीत होतं.

मग वरून आवाज आला. यांचा. यांना कधी ओरडताना मी ऐकलं नव्हतं, म्हणून आधी ओळखूच आला नाही.

"कोणाच्या घरात जनरेटर चालू हाय? कोण हाय तो, पुढं या."

हे वर होते. कमरेला पट्टा बांधून, पाय घट्ट रोवून, पिशवी खांद्याला, जसे रोज असतात तसे. तारांवर एक लोखंडी साखळी आडवी लटकत होती, तिचं एक टोक पोलला बांधलेलं. मागून मला कळलं, वायरमन तारेला हात लावण्याआधी अशी साखळी टाकतात, म्हणजे चोरून करंट येत असलाच तर तो साखळीत जिरतो, माणसात नाही. यांनी साखळी टाकली, चट्ट करून ठिणगी पडली, आणि माझ्या अंगणातलं जनरेटर बंद झालं. यांचा हात अजून तारेला लागायचा होता.

मी तिथंच धुळीत बसले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही आवरत नव्हतं. तो माणूस वर उभा राहून ओरडत होता. मला त्याचं ते ओरडणं इतकं गोड लागत होतं की संध्याकाळपर्यंत ओरडला असता तरी मी ऐकत बसले असते.

खाली माणसं एकमेकांकडे बघत होती. मेडिकलवाला म्हणाला, माझं बंद हाय साहेब, येऊन बगा. गिरणीवाला म्हणाला, आमच्याकडं न्हाईच. हे पुन्हा ओरडले, "मेन खाली करायला काय तकलीफ होती तुमाला? माणूस मेला असता आज." मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. खालालाही कळलं नसतं, तिला वाटत होतं लाईट आली. पण माझ्याच्याने बसवेना. ज्या बाईने दारोदार जाऊन लोकांना खडसावलं, तिने आता तोंड लपवायचं? मी उभी राहिले.

"अवं, आपल्याच घरात," मी म्हटलं.

यांनी खाली बघितलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं, "आपल्याच घरात चालू होतं. मेन खालीच होता. खालाची वायर राहिली."

कोणीतरी फिसकन हसलं. उद्या हे गावभर होणार, हे मला तिथंच दिसलं. मेनवाली बाई. होऊ दे, म्हटलं. यांनी खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग एकदम साध्या आवाजात म्हणाले, "मंग आईचा पंखा बंद पडला असंल. घरी जा, तिला वारा घाल. मी आलो."

मी घरी गेले आणि पुठ्ठ्याने आत्याला वारा घालत बसले. ती विचारून विचारून थकली. शेवटी मी सांगितलं तेव्हा तिने माझ्या हातातला पुठ्ठा घेतला आणि आपणच आपल्याला वारा घालायला लागली. "माझ्या हवेपायी," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी पुन्हा उकाड्याचं नाव काढलं नाही. खाला भिंतीवरून डोकावली. तिला सगळं कळलं तशी ती चहा घेऊन आली, आमच्या स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतःच्या हाताने ती पिन काढली आणि ओट्याशी बसून माझ्यापेक्षा जास्त रडली. तिला आवरता आवरता माझा चहा गार झाला.

चेंजओव्हर दुसऱ्याच दिवशी सकाळी बसला, ते वेगळं सांगायला नको. यांनी तीन बाजूंचा बसवला: लाईन, खाला, जनरेटर, एका वेळी एकच चालणार. आत्याचं प्लास्टर निघेपर्यंत त्याच्यावर आमचा पंखा फिरला. गावाने माझी व्हायची तेवढी थट्टा करून घेतली. मी नंतरही दारोदार जातच राहिले, फक्त आता 'मेन खाली केला का' याच्यानंतर 'अन् शेजारची वायर काढली का' असंही विचारायचे. मला बघून कोणी हसलं तर मीही हसायचे, कारण हसायला आम्ही दोघं होतो.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. तार जोडून हे घरी आले तेव्हा चार वाजले असतील. लाईट आली होती, पंखा फिरत होता. मी पाट मांडला, भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. यांच्या हाताकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं. मला एकच विचारायचं होतं.

"ती साखळी तुमी रोज टाकता ना?"

"रोज कुठं जमतंय," हे म्हणाले. "फ्यूज पिशवीत असले की चढतो अन् लागतो कामाला."

"मंग आज?"

"चढताना कुठंतरी जनरेटरचा आवाज आला. म्हटलं, काय सांगावं, कोणी मेन चालू ठेवून बसला असंल. म्हणून टाकली."

"आवाज आपल्या घराकडून येतोय, हे नव्हतं का कळलं?"

यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला.

"न्हाई ना," हे म्हणाले. "ते कळलं असतं तर टाकलीच नसती."

मी यांचा हात धरला, घास घेतलेला तसाच. हे म्हणाले, अगं, जेवू दे की. मी सोडला नाही.